रोबोट अडखळला म्हणजे कोडच चुकला?

‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत दुसऱ्या रोबोटला ढकलताना आपला रोबोट आचके देऊ लागला, की सगळी टीम प्रोग्रामिंग करणाऱ्याकडे बघते. त्या बिचाऱ्याचा दोष बऱ्याचदा नसतोच.

या रोबोटला १२ व्होल्टची एकच बॅटरी असते. चाकं अडली की मोटर प्रचंड करंट ओढते. ‘सिम’ ही जुनी लोकप्रिय मोटर पूर्ण अडली तर १३० अँपिअरच्या आसपास. अशा चार मोटरांनी मिळून ३०० अँपिअर ओढले आणि बॅटरी, वायर, जोड यांचा एकूण रोध ०.०२ ओहम धरला, तर ६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. व्होल्टेज एका मर्यादेच्या (जुन्या रोबोरिओत ६.३, नव्या रोबोरिओ २ मध्ये साधारण ६.८) खाली गेलं की रोबोरिओ, म्हणजे रोबोट चालवणारा छोटा संगणक, स्वतःला वाचवण्यासाठी मोटरांचं आउटपुट बंद करतो. व्होल्टेज सावरलं की पुन्हा सुरू. हेच ते आचके.

मग जास्त करंट झाला की वीज तोडणारा १२० अँपिअरचा मेन ब्रेकर का पडत नाही? तो तापून पडतो, त्याला वेळ लागतो.

म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी बॅटरीच्या टर्मिनलवरचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बोटांनी हलवून बघा. जरासा जरी फिरला, तर आधी पाना आणा; सैल जोडाने रोध वाढतो. नंतर लॉगमधला, म्हणजे सामन्यात नोंदवलेल्या माहितीतला, व्होल्टेजचा आलेख बघा; कोड त्यानंतर.