ऑइल बदलायचे नाही, मग सर्व्हिसिंग कशाचे?

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या पहिल्या वर्षाच्या सर्व्हिसिंगचे बिल हातात पडले, की बहुतेक मालकांना एकाच वेळी दोन उलटसुलट प्रश्न पडतात. पेट्रोल गाडीच्या मानाने रक्कम एवढी कमी कशी, हा एक. आणि जिच्यात इंजिन नाही, ऑइल नाही, स्पार्क प्लग नाहीत, क्लच नाही, तिच्यासाठी एवढी तरी का, हा दुसरा. दोहोंचे उत्तर बव्हंशी गाडीच्या भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात आहे. थोडे व्यवहारातही आहे.

तीन सिलिंडरचे चार स्ट्रोकचे पेट्रोल इंजिन मिनिटाला 2,000 फेरे घेत असते, तेव्हा त्यात दर मिनिटाला 3,000 ज्वलने होत असतात. प्रत्येक ज्वलनागणिक थोडी काजळी, थोडे न जळलेले इंधन, थोडी आम्ले आणि पाण्याची वाफ पिस्टनच्या कडेने खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल काळे पडते ते त्यामुळे; आणि ते ठरावीक अंतरानंतर बदलावे लागते तेही केवळ वंगण संपले म्हणून नव्हे, तर त्यात ज्वलनाचा मळ साठला म्हणून. विजेच्या मोटरमध्ये यातले काहीच घडत नाही. बेअरिंगांवर तोललेला रोटर चुंबकीय क्षेत्राच्या ओढीने फिरतो आणि भोवतीच्या स्थिर भागाला, म्हणजे स्टेटरला, तो स्पर्शही करत नाही. मोटरच्या पुढे एकाच प्रमाणाचा गिअरबॉक्स असतो आणि त्यात तेल असते खरे, पण त्या तेलाला काजळीचा संपर्क नसल्यामुळे ते फार क्वचित बदलावे लागते. बिल कमी असण्याचे मुख्य कारण एवढेच.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2021 मध्ये केलेल्या हिशेबानुसार देखभाल-दुरुस्तीचा खर्च पेट्रोल मोटारीला मैलामागे 10.1 सेंट आणि विजेच्या मोटारीला 6.1 सेंट येतो, म्हणजे सुमारे 40 टक्के कमी. हे प्रमाण आपल्याकडे जसेच्या तसे लागू करू नये. तिकडच्या खर्चात मजुरीचा वाटा फार मोठा असतो. आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे, शिवाय पेट्रोल गाडीला कोपऱ्यावरच्या गॅरेजचा पर्याय आहे आणि विजेच्या गाडीला तो अजून जवळजवळ नाही. बचतीची दिशा मात्र तीच राहते.

आता ब्रेककडे वळू, कारण जॉब कार्डवरची, म्हणजे डीलरच्या कामांच्या यादीतली, सर्वांत मनोरंजक ओळ तीच आहे. पेट्रोल गाडीत वेग कमी करणे म्हणजे गतिज ऊर्जेची ब्रेक पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणात उष्णता करून टाकणे. विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की मोटरच जनित्र बनते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाऊ लागते. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंचीत सुमारे साडेपाचशे मीटरचा फरक पडतो. माणसांसह 1,600 किलो वजनाच्या गाडीसाठी ही स्थितिज ऊर्जा जवळपास 2.4 युनिट भरते. हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण वजा जाता तिच्यातला बराच भाग बॅटरीला मिळतो आणि पॅडना बहुतेक घाट विश्रांती मिळते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मात्र परतीच्या विजेला जागाच नसते आणि सगळा भार पुन्हा नेहमीच्या ब्रेकवर येतो. लोणावळ्यात रात्रभर गाडी 100 टक्के चार्ज करून सकाळी लगेच घाट उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

यावरून पॅड दीर्घकाळ टिकतात एवढाच निष्कर्ष काढला, तर गोष्ट अर्धीच राहते. ब्रेकची डिस्क बिडाची असते आणि बीड दमट हवेत एका रात्रीत तांबूस होते. पेट्रोल गाडीत सकाळी दोनचार वेळा ब्रेक दाबला की हा गंज घासून निघतो. विजेच्या गाडीत पॅड डिस्कला क्वचितच जोराने टेकत असल्यामुळे तो साचत जातो. रत्नागिरी, मालवण किंवा पणजीच्या खारट हवेत, त्यातही पावसाळ्यात, हा प्रश्न देशावरच्या शहरांपेक्षा अधिक जाणवतो. त्याहून त्रासदायक म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो, त्या न वापरल्याने आखडतात. मग एका बाजूचा पॅड डिस्कला चिकटून राहतो, झिजतो आणि गाडीची रेंजही खातो. म्हणून वर्षातून एकदा चाके काढून ब्रेक साफ करणे आणि पिनांना योग्य ग्रीस लावणे हे काम बिलावर असेल, तर ते पैसे वाया गेले असे समजू नये. फोक्सवॅगनने आपल्या आयडी.3 आणि आयडी.4 या गाड्यांच्या मागच्या चाकांना डिस्कऐवजी जुन्या पद्धतीचे बंदिस्त ड्रम ब्रेक बसवले, त्यामागे हाच विचार होता.

ब्रेक ऑइलची तऱ्हा वेगळी आहे. त्याच्या नावात ऑइल असले, तरी सामान्यतः ते ग्लायकॉल वर्गातील संयुगांचे मिश्रण असते आणि हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. डॉट 4 दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरल्यावर तो 155 अंशांपर्यंत उतरला तरी चालतो, असे मानक सांगते. द्रव उकळला तर नळ्यांत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ लागते. गाडी किती धावली याच्याशी या शोषणाचा फारसा संबंध नाही. ते काळाबरोबर होत राहते. त्यामुळे वर्षात जेमतेम चार हजार किलोमीटर धावलेल्या विजेच्या गाडीलाही साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्यावे लागते आणि ‘रनिंगच नाही’ ही सबब येथे लागू पडत नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते बॉनेटखालच्या छोट्या, 12 व्होल्टच्या बॅटरीकडे. गाडी बंद असताना सुरक्षेसाठी मोठी बॅटरी उर्वरित यंत्रणेपासून पूर्ण तोडलेली असते. ती जोडणारे जाडजूड रिले, ज्यांना काँटॅक्टर म्हणतात, 12 व्होल्टवर चालतात. म्हणजे छोटी बॅटरी बसली, तर मोठीत 90 टक्के वीज असूनही गाडी जागची हलत नाही. पेट्रोल गाडीत स्टार्टर कण्हू लागला की मालकाला आधी सूचना मिळते. विजेच्या गाडीत स्टार्टरच नाही. काँटॅक्टरला लागणारा प्रवाहही अल्प असल्यामुळे बॅटरी शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत भासते आणि मग एका सकाळी सारे पडदे काळे दिसतात. जर्मनीतील एडीएसी ही मोटारचालकांची संघटना रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांची नोंद दरवर्षी प्रसिद्ध करते. 2024 च्या नोंदींत दोन ते चार वर्षे वयाच्या विजेच्या गाड्यांचे बंद पडण्याचे प्रमाण हजारी 4.2 आणि इंजिनाच्या गाड्यांचे हजारी 10.4 होते, पण दोन्ही प्रकारांत बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण 12 व्होल्टची बॅटरी हेच होते. सर्व्हिसिंगच्या वेळी तिच्यावर भार टाकून घेतलेली चाचणी पाच मिनिटांची असते. ती झाली का, हे विचारून घ्यावे.

एसीबाबत एक धोका असा आहे, की तो बाहेरच्या गॅरेजवाल्यालाही ठाऊक नसतो. विजेच्या गाडीतील कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही. त्याची स्वतःची उच्च दाबाच्या विजेवर चालणारी मोटर असते आणि तिची वेटोळी रेफ्रिजरंट (एसीचा गॅस) आणि तेल यांच्या मिश्रणात बुडालेली असतात. त्यामुळे तेथे विद्युतरोधक असे पीओई जातीचे तेल वापरतात. पेट्रोल गाडीत चालणारे पीएजी तेल तेवढे विद्युतरोधक नसते. गॅस भरण्याच्या यंत्राच्या नळीत आधीच्या गाडीचे थोडे पीएजी तेल राहून ते आत गेले, तरी यंत्रणेचा विद्युतरोध घसरू शकतो आणि गाडी वीजगळतीचा इशारा देऊ लागते. अशा वेळी शंभर-दोनशे रुपयांची बचत कॉम्प्रेसरच्या किमतीला पडते.

हा विद्युतरोध काय असतो, हेही पाहू. भारतात मोटारींची तांत्रिक मानके पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय या संस्थेमार्फत प्रसिद्ध होतात. त्यांपैकी एआयएस 038 हे विजेच्या मोटारींच्या सुरक्षेचे मानक आहे. त्यानुसार एकदिश प्रवाहाच्या मंडलात प्रत्येक व्होल्टमागे किमान 100 ओहम एवढा रोध उच्च दाबाच्या तारा आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये असावा लागतो. 320 व्होल्टच्या गाडीसाठी हे 32,000 ओहम झाले. निरोगी गाडीत हा आकडा त्याच्या कितीतरी पट, लाखो ओहममध्ये असतो. जोडणीत शिरलेले पाणी, उंदराने कुरतडलेली उच्च दाबाची नारिंगी केबल, कॉम्प्रेसरमधले चुकीचे तेल या साऱ्यांचा परिणाम याच आकड्यावर उमटतो. नारिंगी केबलला चिकटपट्टी लावून जोड देत नाहीत, ती पूर्ण बदलतात, आणि उंदरांमुळे होणारा खर्च मोठा असतो तो म्हणून.

कूलंट, केबिनचा फिल्टर, वायपर यांत विशेष काही नाही. एवढेच, की काही कंपन्या बॅटरीसाठी मुद्दाम कमी विद्युतवाहक कूलंट देतात आणि त्यात दुसरे मिसळून चालत नाही. टायरवर मात्र पेट्रोल गाडीपेक्षा थोडा जास्तच खर्च होतो. बॅटरीमुळे वजन दीडदोनशे किलोंनी वाढते आणि मोटरचा पूर्ण टॉर्क पहिल्या क्षणापासून चाकांवर येतो; सिग्नल सुटताच झेप घेण्याची हौस टायरच्या रबरातून वसूल होते.

मोठ्या बॅटरीचे सर्व्हिसिंग असे काही नसतेच. 2001 मध्ये बंगळूरला बाजारात आलेल्या रेवा मोटारीत शिशाच्या बॅटऱ्या होत्या आणि त्यांच्या पाण्याच्या पातळीकडे लक्ष द्यावे लागे; लिथियम बॅटरी सीलबंद असते. डीलरकडचे यंत्र तिच्या नियंत्रकाकडून आकडे वाचते, एवढेच. सुमारे शंभर सेल एकापुढे एक जोडून 320 व्होल्ट मिळवले जातात आणि या साखळीत सर्वांत अशक्त सेल रिकामा झाला की सारी बॅटरी रिकामी धरावी लागते. त्यामुळे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधील फरक हा आकडा महत्त्वाचा. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलची अडचण अशी, की चार्ज 30 टक्के असो वा 70, त्याचे व्होल्टेज जवळपास तेच राहते. म्हणून नियंत्रक आत-बाहेर जाणारी वीज मोजून अंदाज बांधतो आणि त्या बेरजेतील चूक हळूहळू साचते. अधूनमधून संथ चार्जरवर पूर्ण 100 टक्के चार्ज करा, असे कंपन्या सांगतात ते ही चूक निस्तरण्यासाठी आणि सेल समपातळीवर आणण्यासाठी. हे घरीच होते. बिलावर ‘बॅटरी बॅलन्सिंग’ म्हणून वेगळी रक्कम दिसली, तर नेमके काय केले ते विचारण्यास संकोच करू नये. सेलच्या ग्रॅफाइटवर साचणारा थर लिथियम अडकवून ठेवतो, त्यामुळे बॅटरीची क्षमता घटते, आणि उष्णतेत तो वेगाने वाढतो. त्यावर कोणत्याही सर्व्हिस सेंटरकडे इलाज नाही.

मग जे बदलायचेच नाही, त्यासाठी गाडी न्यायची कशाला? येथे व्यवहार सुरू होतो. 2020 च्या जानेवारीत आलेल्या नेक्सॉन ईव्हीला बॅटरी आणि मोटरवर 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी होती. अशा वॉरंटीची अट सहसा अशी असते, की गाडीची ठरलेली तपासणी अधिकृत केंद्रातच व्हावी. थोडक्यात, बिलाचा एक भाग हा सर्व्हिसिंगचा खर्च नसून वॉरंटीचा हप्ता असतो. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार 2024 मध्ये लिथियम बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत किलोवॅट-तासाला 115 डॉलर होती. त्या भावाने या नेक्सॉनचा 30.2 किलोवॅट-तासांचा पॅक कारखान्यातच सुमारे तीन लाखांना पडतो. मजुरी, कर आणि नफा त्यावर वेगळा. एवढ्या जोखमीसमोर वर्षाकाठी काही हजारांचा हप्ता मला तरी जड वाटत नाही.

त्या हप्त्याच्या आडून येणाऱ्या इतर ओळींबद्दल असे म्हणता येणार नाही. डीलरचे उत्पन्न सर्व्हिसिंगवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. ऑइल आणि फिल्टर गेल्यावर ती पोकळी अंडरबॉडी कोटिंग, जंतुनाशक फवारणी, डॅशबोर्ड पॉलिश यांनी भरून काढण्याचा मोह साहजिक आहे. विजेच्या एका गाडीच्या बिलावर ‘इंजिन रूम ड्रेसिंग’ अशी नोंद मी स्वतः पाहिली आहे. शिवाय गाडीवर जीएसटी 5 टक्के असला, तरी सुटे भाग आणि मजुरी यांवर तो 18 टक्के आहे. या ऐच्छिक ओळी नाकारल्याने वॉरंटीला बाध येत नाही. जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी त्या खोडून घेता येतात.

स्पर्धेचा प्रश्न याहून अवघड आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना एकूण 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची यंत्रे स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नसल्याबद्दल. प्रकरण नंतर अपिलांत गेले. तेव्हाच्या गाडीचा बराचसा भाग पान्याने उघडत असे. आजच्या विजेच्या गाडीत सेलच्या व्होल्टेजचा तक्ता वाचायलाही कंपनीचे सॉफ्टवेअर लागते, आणि उच्च दाबाच्या भागाला हात लावायचा तर 1,000 व्होल्टचे रबरी हातमोजे आणि तसे प्रशिक्षण हवे. नेक्सॉन ईव्हीच्या पहिल्या गाड्यांची आठ वर्षे 2028 मध्ये पूर्ण होतील. वॉरंटीबाहेर गेलेल्या त्या गाड्यांपैकी एखादीचा एकच सेल अशक्त झाला, तर डीलर तेवढा मॉड्यूल, म्हणजे सेलचा एक गट, बदलून देईल की संपूर्ण पॅकचे कोटेशन पुढे करील, यावर जुन्या विजेच्या गाडीची बाजारातली किंमत ठरणार आहे.