ऋण सोडणं आणि आरोपी सोडणं

मराठीत 'सोडणं' हे क्रियापद फार ऐसपैस आहे. आपण राग सोडतो, हट्ट सोडतो, आणि दुखावलेल्या माणसाला भेटेल तो सांगतो, 'जाऊ दे, सोडून दे.' ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना तर हा शब्द पाठच असतो. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.' न्यायालयातून बाहेर येणारी माणसंही हाच शब्द वापरतात: त्याला सोडलं, निर्दोष सोडलं. शब्द एकच, त्यामुळे गोष्टही एकच असावी असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. त्या गैरसमजापायी एकदा साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून मी खोटं बोलण्याच्या बेतात होते.

आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या एका माणसाने एका कागदावर माझी सही केली, अशी माझी तक्रार होती. त्या कागदाच्या जोरावर माझ्या आईच्या आयुष्यभराच्या बचतीतला मोठा हिस्सा गेला. माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी रविवार होता. उपासना संपल्यावर मंडळीच्या एका वडिलांनी, म्हणजे चर्चच्या एका ज्येष्ठ पुढाऱ्याने, मला बाजूला घेतलं, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मायेने म्हणाले, "पोरी, तू त्याला क्षमा केलीस ना? मग उद्या सही तुझी का असं विचारतील, तेव्हा तेवढं 'हो' म्हण. प्रकरण मिटून जाईल." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना शांती हवी होती, यात मला आजही शंका नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी कागद माझ्यापुढे धरला. निळी शाई, माझं नाव, माझं आडनाव. आडनावाखाली मी कधीच रेघ ओढत नाही. त्या कागदावर मात्र एक लांब, ऐटदार रेघ होती आणि तिच्या टोकाशी ठिपका. "ही सही तुमची आहे का?" प्रश्न एवढाच होता. मी क्षमा केली आहे का, हे तिथे कोणी विचारलंच नाही. शपथ घेऊन 'हो' म्हटलं असतं, तर ती क्षमा झाली नसती. ती खोटी साक्ष झाली असती, आणि 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस' ही आज्ञा देणाराही तोच देव आहे. मी 'नाही' म्हणाले.

त्या दिवसापासून मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहत आले आहे.

प्रार्थनेतली ओळ नीट वाचली तर पहिला फरक तिच्यातच सापडतो. ऋण कोण सोडू शकतो? धनको. माझं येणं असेल तर ते मीच सोडायचं. शेजाऱ्याने माझ्या ऋणकोला 'जा, तुझं सगळं फिटलं' असं सांगितलं, तर ते औदार्य नव्हे, माझ्या पैशावर केलेली लूट आहे. क्षमेची किंमत क्षमा करणारा स्वतः भरतो, म्हणून तर ती जड जाते. न्यायाधीश मात्र धनको नसतो. त्याचं आरोपीकडे काहीच येणं नसतं, आणि नसायलाच हवं. येणं असेल तर त्याने त्या खटल्यातून बाजूला व्हावं, हा न्यायाचा अगदी मूळचा नियम. मग तो आरोपीला सोडतो तेव्हा काय करतो? पुरावा पाहतो आणि म्हणतो, हा आरोप सिद्ध झाला नाही. त्यात माया नसते आणि रागही नसतो.

गंभीर गुन्ह्यांत तर फिर्यादी एकटी पडलेली नसते. खटला राज्याच्या नावाने चालतो, 'राज्य विरुद्ध अमुक'. काही देशांत राजाच्या नावाने, काही ठिकाणी जनतेच्या. ज्याला इजा झाली त्याच्यासोबत सगळ्या समाजाचंही येणं तिथे मांडलेलं असतं. म्हणूनच माझ्या क्षमेने तशी फाइल बंद होत नाही.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांच्या प्रकरणात. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावी ते आणि त्यांचे दोन लहान मुलगे गाडीत झोपले होते. जमावाने गाडी पेटवली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि कुष्ठरोग्यांची सेवा पुढे चालू ठेवली. ही क्षमा ऐकून अनेकांना गहिवरून आलं, मलाही आलं. खटला मात्र चालूच राहिला. 2003 मध्ये मुख्य आरोपी दारा सिंगला फाशी सुनावली गेली. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. याच प्रकरणात उच्च न्यायालयाने दोषी ठरलेल्यांपैकी अकरा जणांना सोडलं. ते ग्लॅडिसबाईंच्या क्षमेमुळे सुटले नाहीत, पुरावा पुरला नाही म्हणून सुटले. आणि ज्याची जन्मठेप राहिली, त्याच्यावरची त्यांची क्षमाही त्यामुळे रद्द झाली नाही. क्षमा मिळालेला तुरुंगात, आणि सुटलेल्यांच्या सुटकेशी क्षमेचा संबंध नाही. या दोन्ही गोष्टी एकाच निकालपत्रात आहेत.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्या बाबतीतही तेच. 13 मे 1981 रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चारच दिवसांनी रुग्णालयातून त्यांनी गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली आग्जाला क्षमा केल्याचं सांगितलं. 1983 च्या डिसेंबरात ते त्याच्या कोठडीत जाऊन त्याच्याशेजारी बसले. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याची शिक्षा माफ केली ती 2000 च्या जूनमध्ये. क्षमा आणि शिक्षामाफी यांच्यामध्ये एकोणीस वर्षं गेली. त्या वर्षांत पोपची क्षमा अपुरी होती असं कोणी म्हणेल का?

उलट गोंधळ होतो तो न्यायासनावर बसलेल्याने क्षमेची भूमिका घेतली की. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात अँबर गायगर या पोलीस अधिकारी महिलेने बॉथम जीन या तरुणाला त्याच्याच घरात गोळी घातली. हे आपलंच घर आहे असं वाटलं, असं तिचं म्हणणं होतं. 2019 मध्ये ज्यूरीने तिला खुनाबद्दल दोषी ठरवलं आणि दहा वर्षांची शिक्षा दिली. त्यानंतर बॉथमच्या धाकट्या भावाने साक्षीच्या जागेवरून तिला क्षमा केली आणि परवानगी मागून तिला मिठी मारली. पुढे न्यायाधीश टॅमी केम्प खाली आल्या, त्यांनी आपलं बायबल तिच्या हातात दिलं आणि तिला मिठी मारली. यावर बरीच टीका झाली. मी ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. भावाची मिठी पाहून रडले. न्यायाधीशबाईंची मिठी पाहताना मात्र मन अडखळलं, आणि असं का व्हावं, हे शोधायला मला वेळ लागला. भाऊ धनको होता, ती क्षमा त्याची होती. न्यायाधीशबाईंचं मन मोठं असेल, पण त्या आसनासमोर काल कोणी दुसरा उभा होता आणि उद्या तिसरा उभा राहणार. त्यालाही बायबल मिळेल? त्यालाही मिठी? तो दुसऱ्या धर्माचा असला तर? निकाल लागून गेला होता, शिक्षा बदलली नव्हती, हे खरं आहे. तरी न्यायासनाची माया एकालाच दिसली, की बाकीच्यांना ती नाकारल्यासारखीच वाटते. बॉथमच्या आईनेही नंतर सांगितलं की आम्हा ख्रिस्ती लोकांना क्षमा केल्याने बरं वाटतं, पण केलेल्या कृत्याचे परिणाम भोगावेच लागतात.

ख्रिस्ती माणसाला न्यायालयाचा हा कोरडेपणा परका वाटतो. पण तो आपल्याच पवित्र शास्त्रातून आला आहे. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात एक वचन आहे, ते वाचून मी पहिल्यांदा दचकले होते: गरिबाच्या वादात त्याची तरफदारी करू नको. गरिबांचा कैवार घेणारा देव असं का म्हणतो? तीन वचनं पुढे गेलं की उलट बाजूही येते: गरिबाच्या वादात त्याचा न्याय बिघडवू नको. लेवीय 19:15 मध्ये दोन्ही एका दमात आहे, गरिबाची भीड धरू नको आणि थोराची बूज राखू नको. गरिबाला धान्य द्या, शेताचा कडेचा भाग त्याच्यासाठी ठेवा, कर्ज सोडून द्या, हे सगळं शास्त्रात ठायी ठायी सांगितलं आहे. पण ते देणाऱ्याने स्वतःच्या खिशातून करायचं. न्यायाच्या तराजूत बोट घालून नव्हे. नीतिसूत्रांत तर स्पष्टच आहे: दोषीला निर्दोष ठरवणारा आणि निर्दोषाला दोषी ठरवणारा, दोघेही देवाला सारखेच नकोसे.

'न्याय करू नका असं येशूनेच सांगितलंय की', हे मला कितीदा तरी ऐकवलं गेलं आहे. इथे आपलं मराठी भाषांतर फार मदत करतं. मत्तयाच्या सातव्या अध्यायात आपण वाचतो ते 'दोष काढू नका'. दोष काढणं ही रोजची, ओट्यावर बसून करायची गोष्ट. न्याय करणं वेगळं. त्याच येशूने योहान 7:24 मध्ये 'तोंड पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा' असं म्हटलं आहे. करूच नका असं नव्हे, यथार्थ करा.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंगही असाच, अर्धाच सांगितला जातो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे हिला दगडमार करावी का, असं विचारत तिला येशूपुढे आणलं, आणि तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा, असं तो म्हणाला. दया जिंकली, नियमशास्त्र हरलं, असं आपण म्हणतो. पण नियमशास्त्राप्रमाणे दोघांनाही आणायला हवं होतं. पुरुष कुठे होता? आणि पहिला दगड साक्षीदाराने टाकायचा, हाही नियमशास्त्राचाच नियम. येशूने 'पहिला दगड' म्हणताना बोट ठेवलं ते नेमकं तिथे. साक्षीदार एकेक करून निघून गेले, आरोप करणारा कोणी उरला नाही, म्हणजे खटलाच उरला नाही. ती सुटली ती अशी. आणि त्याने तिला 'जा, यापुढे पाप करू नको' म्हटलं ते वेगळ्या अधिकाराने. दोन्ही सोडणी एका प्रसंगात आहेत, पण एकीत दुसरी मिसळलेली नाही.

न्यायाशिवायच्या सोडण्याचं उदाहरण हवं असेल तर येशूचा न्याय करायला बसलेला रोमी सुभेदार पिलात आहे. लूकच्या शुभवर्तमानात तो तीनदा सांगतो की या माणसात मला दोष सापडत नाही. तरी तो बरब्बा नावाच्या कैद्याला सोडतो आणि येशूला त्यांच्या हाती देतो. गर्दी ओरडत होती, एवढंच कारण. बरब्बाचं ऋण कोणी सोडलं नव्हतं, त्याच्याविरुद्धचा आरोपही पडला नव्हता. मत्तय सांगतो, त्याआधी पिलाताने पाणी मागवून हात धुतले.

फिलिप्पै शहरातला प्रेषित पौल मात्र माझा फार लाडका आहे. त्याला आणि सीलाला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, 'त्या माणसांना सोडून दे.' पौलाने निघायला नकार दिला. रोमी नागरिकांना न्याय न करता चारचौघांत मारलं, आणि आता गुपचूप बाहेर काढता? स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या. त्याच रात्री त्याने तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा जीव वाचवला होता, त्याच्या घरी जेवला होता. मनात कडवटपणा नव्हता. तरी झालेला अन्याय अन्याय म्हणून मान्य झाल्याशिवाय त्याने पाऊल उचललं नाही. त्या रविवारी हात धरणाऱ्या वडिलांना मी हे वचन दाखवायला हवं होतं, पण तेव्हा ते मला आठवलं नाही.

आमच्या प्रकरणाचा निकाल दोन वर्षांनी लागला. सही माझी नाही, हे न्यायालयाने मानलं. पण ती त्याच माणसाने केली, हे सिद्ध झालं नाही. तो कागद बऱ्याच हातांतून गेला होता, आणि त्याला सही करताना पाहिलेलं कोणी नव्हतं. संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं. मी त्या बाकावर सुन्न बसून राहिले. घरी येऊन पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उघडला: एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावरून कोणाला दोषी ठरवू नये, दोघातिघांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी. मी एकटीच होते. त्या न्यायाधीशांनी माझ्या शास्त्राने सांगितलं तेच केलं होतं, मला कितीही झोंबलं तरी. माझं खरं असणं आणि माझं खरं शाबीत होणं यात अंतर राहिलं. ते अंतर त्यांनी माझ्याबद्दलच्या सहानुभूतीने भरून काढलं असतं, तर उद्या कोणाच्याही एकट्या शब्दावर कोणालाही आत टाकता आलं असतं.

न्यायालयाने त्याला सोडलं, पण माझं येणं तसंच राहिलं. ते सोडायला न्यायालयाची गरज नव्हती आणि त्याच्या कबुलीचीही नव्हती. ते माझं मलाच करायचं होतं. एकदाच करून संपेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही.

तो अजून त्याच मंडळीत येतो. माझ्यापुढे दोन बाक सोडून, खिडकीच्या बाजूला बसतो. प्रार्थनेला सगळे उभे राहतात, तोही राहतो, आणि 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस' ही ओळ आली की त्याचा आवाज मला बाकीच्यांतून वेगळा ऐकू येतो. काही रविवारी मी त्या ओळीपाशी थांबते, बाकीचे पुढे जातात. काही रविवारी सगळ्यांबरोबर म्हणते.