एक हजार बावीस वजा तेरा

माणसाला हमखास ताण येईल असं काय करावं, हा प्रश्न जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम, कार्ल-मार्टिन पिर्के आणि डिर्क हेलहामर या तिघांपुढे होता. ताणात शरीराचं काय होतं ते मोजायचं, तर आधी प्रयोगशाळेत ताण निर्माण करता यायला हवा. १९९३ साली त्यांनी मांडलेली पद्धत आजही जगभर वापरतात. त्यात विजेचे झटके नाहीत, सुया नाहीत. भाषण आहे.

तयारीला थोडा वेळ मिळतो. मग अनोळखी परीक्षकांसमोर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, आपण एखाद्या नोकरीला कसे लायक आहोत ते पटवून द्यायचं. परीक्षक पांढऱ्या कोटात. हसायचं नाही, मान डोलवायची नाही, असं त्यांना बजावलेलं असतं. शेजारी कॅमेरा सुरू. भाषण संपलं तरी सुटका नाही: १०२२ मधून १३ वजा करत मोठ्यानं उलटं मोजायचं. १००९, ९९६, ९८३... चुकलात की पुन्हा १०२२ पासून. यानंतर लाळ तपासली, तर कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी दुप्पट ते चौपट झालेली दिसते.

भाषणच का? सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये अशा २०८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त चढतं ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर: कुणीतरी आपल्याला जोखतंय, आणि परिस्थिती आपल्या हातात नाही. म्हणून तर कट्ट्यावर तासभर गप्पा ठोकणारा माणूस सोसायटीच्या वार्षिक सभेत माइक हातात आला की चाचपडतो. बुद्धीचा किंवा अभ्यासाचा इथे फारसा संबंध नसतो. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि पक्षकाराच्या माणसाला म्हणाले, दुसरा वकील करा, फी परत घ्या. हे त्यांनीच लिहून ठेवलंय.

त्या क्षणी शरीर पळायच्या तयारीत असतं. अ‍ॅड्रिनलिनमुळे हृदय जोरात चालतं, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसून हात गार पडतात, पातळ लाळ कमी झाल्यानं जीभ टाळूला चिकटते, बोटं थरथरतात. धावायचं असतं तर यातलं बरंचसं कामाला आलं असतं.

सरावानं हे जातं का? किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी २० निरोगी पुरुषांना हीच परीक्षा पाच वेळा द्यायला लावली. निष्कर्ष १९९५ साली आले. १३ जणांचं कॉर्टिसॉल पहिल्या दिवशी उसळलं आणि नंतर जवळपास शांत राहिलं. उरलेल्या सात जणांचं मात्र प्रत्येक वेळी चढतच राहिलं. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो २००३ मधला अभ्यास, ज्यात हेलहामर आणि किर्शबाउम होतेच. त्यात परीक्षा पुन्हा पुन्हा दिल्यावर कॉर्टिसॉल निवळलं, पण हृदयाची धडधड जवळजवळ तशीच राहिली! म्हणजे छाती धडधडते यावरून ‘मी अजून कच्चाच आहे’ असं ठरवणं चूक आहे. मुरलेल्या वक्त्याचीही धडधडू शकते.

मग ‘घाबरू नकोस, शांत हो’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला कितपत उपयोगी? माझ्या मते फारसा नाही. हार्वर्डमधल्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये काही जणांना भाषणाआधी स्वतःशी ‘मी शांत आहे’ म्हणायला सांगितलं, तर काहींना ‘मला उत्साह वाटतोय’. दुसऱ्या गटाची भाषणं ऐकणाऱ्यांना अधिक प्रभावी वाटली. वेगानं चालणाऱ्या हृदयाला दटावून थांबवता येत नाही, पण त्याचा अर्थ वेगळा लावता येतो.

दुसरी सोय म्हणजे श्रोत्यांना यातलं फार थोडं दिसतं. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवलं, की आपली घबराट बाहेरून जितकी दिसत असेल असं वक्त्याला वाटतं, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. गंमत म्हणजे, घबराट फारशी दिसत नाही हे वक्त्यांना आधीच सांगितल्यावर त्यांची भाषणंच सुधारली. ‘माझे हात कापताहेत, माफ करा’ अशी सुरुवात करणारे वक्ते न दिसणारी गोष्ट स्वतःहून दाखवतात.

सरावाबद्दल मात्र आपली शाळा थोडी चुकते. वक्तृत्व स्पर्धेसाठी अख्खं भाषण घोकून घेतात. मग एक शब्द सुटला की पुढची सगळी वाक्यं हरवतात. धडधड सर्वांत जास्त असते पहिल्या मिनिटात, म्हणून पाठ करायचीच तर सुरुवातीची दोन-तीन वाक्यं करावीत, पुढे मुद्दे पुरे. आरशासमोरचा सरावही अपुराच, कारण आरसा जोखत नाही. चार शेजारी, ऑफिसातले सहकारी, मख्ख चेहऱ्याचे काका असे कुणीही चालतील, पण जिवंत माणसं हवीत. बोलायच्या आधी श्वास सावकाश, लांबवून सोडावा. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचा वेग आपोआप थोडा कमी होतो.

ज्यांच्या शरीराला सरावानंही फारसा फरक पडत नाही, त्यांनी स्वतःला भित्रं ठरवू नये. भीतीपायी नोकरी किंवा शिक्षण अडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे टप्प्याटप्प्यानं भीतीला सामोरं जाण्याचे चांगले उपचार आहेत. काही वादक-गायक कार्यक्रमाआधी बीटा-ब्लॉकर, म्हणजे अ‍ॅड्रिनलिनचा हृदयावरचा परिणाम रोखणारी गोळी घेतात. तिनं थरथर कमी होते, हे १९७७ सालापासून अभ्यासांत दिसलंय. पण ती मित्राच्या खिशातून घेऊन खायची गोष्ट नाही. दमा असलेल्यांना तिनं श्वासाचा गंभीर त्रास होऊ शकतो.