सौर वेळ

आकाशातील सूर्याच्या प्रत्यक्ष स्थानावरून मोजलेली वेळ. सूर्य याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, आला की सौर वेळेनुसार दुपारचे १२ वाजतात, मग मनगटावरचे घड्याळ काहीही दाखवो. सौर पॅनेलवर पडणारे ऊन असो की इमारतीची सावली, गणित याच वेळेवर चालते.

घड्याळी वेळेत दोन दुरुस्त्या केल्या की सौर वेळ मिळते. पहिली रेखांशाची : प्रमाण रेखावृत्ताच्या (ज्यावरून घड्याळी वेळ ठरते त्याच्या) पश्चिमेस दर अंशाला ४ मिनिटे वजा करायची, पूर्वेस तेवढीच मिळवायची. दुसरी काल-समीकरणाची, म्हणजे सूर्य आणि घड्याळ यांच्यातल्या वर्षभर बदलणाऱ्या फरकाची. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे दोन माध्यान्हांत नेमके २४ तास भरत नाहीत. हा फरक साचत जाऊन फेब्रुवारीच्या मध्यास सूर्य घड्याळाच्या सुमारे १४ मिनिटे मागे पडतो आणि नोव्हेंबरच्या आरंभी १६ मिनिटे पुढे जातो. घड्याळे उन्हाळ्यापुरती एक तास पुढे केलेली असतील, तर तो तास आधी वजा करावा. नेमका तोच विसरला जातो.

समजा, ४०° उत्तर अक्षांशावरचे एक ठिकाण प्रमाण रेखावृत्ताच्या ५° पश्चिमेस आहे. ११ फेब्रुवारीला तेथे घड्याळात १२ वाजले, तरी २० आणि १४ मिळून ३४ मिनिटे वजा जातात. सौर वेळ ११.२६. सूर्य तासाला १५° सरकतो, म्हणून होराकोन (याम्योत्तर वृत्तापासूनचे सूर्याचे कोनीय अंतर) −८.५°. त्या दिवशी क्रांती (विषुववृत्ताच्या प्रतलापासून सूर्याचे उत्तर-दक्षिण अंतर) −१४.६° धरल्यास सूर्याचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, ३४.८° येतो. खऱ्या माध्यान्ही तो ३५.४° असतो, म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा. दिगंशात, म्हणजे क्षितिजावरच्या दिशेत, मात्र सूर्य दक्षिणेपासून तब्बल १०° पूर्वेस असतो. घड्याळातले १२ हेच माध्यान्ह धरले, तर दुपारच्या ऊर्जेचा अंदाज या चुकीने फारसा बिघडत नाही, सावलीचा पार बिघडतो.

वातावरणाबाहेर किरणांना लंब पृष्ठावर दर चौरस मीटरला सरासरी १३६१ वॉट प्रारण पडते, हाच सौरांक. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे वरील तारखेला तो आकडा सुमारे १३९५ होतो आणि माध्यान्ही आडव्या पृष्ठाच्या वाट्याला ८०८ वॉट येतात. खाली वातावरण त्यातला काही भाग शोषते, काही विखुरते. पायरॅनोमीटर हे उपकरण थेट आणि विसरित (विखुरलेले) प्रारण एकत्र मोजते, पायरहेलिओमीटर फक्त थेट.

प्रारणाच्या तासवार नोंदी वापरताना एक खोच असते. ‘१०’ या ओळीतला आकडा बहुधा ९ ते १० या तासाचा असतो. तेव्हा सूर्याचे कोन ९.३० चे काढावेत.