एमजीबी : सगळा भार दाराखालच्या पत्र्यावर

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. जुनी एमजीबी विक्रीला निघाली की फोटोत आधी दिसतात ती चकाकणारी क्रोमची बंपरं आणि तारांची चाकं. जाणकार मात्र गाडीपाशी गेला की पहिल्यांदा गुडघ्यावर बसतो आणि दाराखालचा पत्रा बघतो. या सवयीचं मूळ १९६२ सालात आहे.

एमजी हे नाव ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसवरून आलं. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात त्याला स्पोर्ट्स गाड्यांचं वळण दिलं आणि पुढे जवळच्याच ॲबिंग्डन गावात कारखाना उभा राहिला. १९५५ ची एमजीए तिथलीच. पण तिची रचना जुन्या पद्धतीची होती, खाली लोखंडी चासी आणि वर बॉडी. सप्टेंबर १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीत एमजीचे मुख्य अभियंते सिड एनेव्हर यांच्या चमूनं ही वेगळी चासीच काढून टाकली. बॉडी हाच सांगाडा झाला. त्यामुळे एमजीएपेक्षा लांबीला कमी असूनही आत ऐसपैस जागा मिळाली.

बंद गाडीत टपही भार पेलतो, रोडस्टरला, म्हणजे उघड्या गाडीला, तो नाहीच. तेव्हा सगळा ताण येतो तो मधल्या गिअरबॉक्सच्या बोगद्यावर आणि दोन्ही दारांखालच्या सिलवर. सिल म्हणजे गाडीचा उंबराच म्हणा ना. तो एकावर एक वेल्ड केलेल्या पत्र्यांचा, आतून पोकळ असतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. पुढच्या चाकानं उडवलेला तो खारट चिखल मडगार्डच्या आत साचतो, ओल धरतो आणि सिल आतून कुजत जाते. बाहेरचा रंग तोवर छानच दिसत असतो.

म्हणून लोहचुंबक फिरवून बघावा. मध्येच त्याची पकड सुटली तर तिथं पत्रा नसून पुट्टी आहे. मग गाडी जॅकवर घ्यावी आणि दार उघडून-मिटून पाहावं. दार अडकायला लागलं, कडेची फट बदलली, तर गाडी मधोमध वाकते आहे. अशी गाडी कितीही सुंदर दिसली तरी मी तिला चांगली म्हणणार नाही.

इंजिनाची काळजी त्यामानानं कमी. १७९८ सीसी, एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर, सुमारे ९५ अश्वशक्ती. आपल्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं, त्यामुळे तिच्यावर हात बसलेल्या मेकॅनिकला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटू नये. १९६४ च्या अखेरीस क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच बेअरिंग आली आणि इंजिन आणखी दणकट झालं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर खरखर न होता पडावा म्हणून असलेली यंत्रणा) मात्र १९६७ पर्यंत नव्हता.

१९७४ च्या शेवटी गाडीचं रूपच पालटलं. सर्वात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, आणि तिथल्या नव्या सुरक्षा नियमांपायी क्रोमच्या जागी काळी रबरी बंपरं आली. गाडी सुमारे चार सेंटिमीटर उंच केली, शिवाय रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडा, तोही काढला. वळणावर ती पूर्वीपेक्षा जास्त कलू लागली. तो बार पुढे १९७६ मध्ये परत बसवला, पण क्रोम बंपरच्या गाड्यांना आजही जास्त किंमत येते ती उगाच नाही.

सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डननं कारखान्याच्या पन्नाशीचा सोहळा केला आणि लगेचच कारखाना बंद होणार असल्याचं जाहीर झालं. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. तोवर रोडस्टर आणि टप असलेली जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या.

एवढ्या संख्येमुळेच पुढची गोष्ट शक्य झाली. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीनं मूळ साचे गोळा केले आणि १९८८ पासून नवीकोरी बॉडी बनवायला घेतली. त्यामुळे कागदावर १९६० च्या दशकातली असलेली गाडी पत्र्यानं कितीतरी तरुण असू शकते. बॉडी बदलल्याची पावती आणि रंगाआधी काढलेले सिलचे फोटो मालकानं जपले असतील, तर आधी तेच मागून घ्यावेत.