जोखीम व्यवस्थापन (मानसिक आरोग्यसेवा)

मानसिक आजाराच्या काळात रुग्ण स्वतःला इजा करील किंवा दुसऱ्यावर हात उगारील ही शक्यता वेळोवेळी अजमावणे आणि त्याच्या स्वातंत्र्याला कमीत कमी धक्का लावून ती घटविणे, या कामास जोखीम व्यवस्थापन म्हणतात. हे भाकीत नव्हे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शिकेनुसार आत्महत्येचा अंदाज वर्तविण्यासाठी गुणांचे तक्ते वापरू नयेत; त्याऐवजी आधीचे प्रयत्न, झोप, दारू, कर्ज, घरातील तंटे यांविषयी रुग्णाशी सविस्तर बोलावे. मरणाचे विचार येतात का, असे थेट विचारल्याने ते विचार डोक्यात भरतात हा समज निराधार आहे.

खानदेशात हे बोलणे भाषेपाशीच अडते. अहिराणी बोलणारा रुग्ण ‘मना जीव लागत नही’ एवढेच म्हणतो आणि डॉक्टर ते थकव्यावर ढकलून पुढे जाऊ शकतो. सातपुड्यातील भिली किंवा पावरी बोलणाऱ्या बाईसाठी बहुधा सोबतचा नवराच दुभाषा होतो, तेव्हा घरातील मारहाणीचा विषय निघत नाही. पोलीस केसच्या धास्तीने नातेवाईक ‘चुकून औषध पोटात गेलं’ असे सांगतात, त्यामुळे आधीचा प्रयत्न केसपेपरवर येतच नाही. वास्तविक मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरविणारे भारतीय दंड संहितेचे जुने कलम 309 उरलेले नाही.

कापूस आणि केळीच्या या पट्ट्यात फवारणीचे उरलेले औषध घरात किंवा खळ्यात पडून असते. ते रुग्णाच्या हाती लागणार नाही अशा जागी, शक्यतो दुसऱ्याच्या घरी हलवावे, असे घरच्यांना सांगितले जाते. तथापि सरसकट घरोघरी कुलुपाच्या पेट्या वाटण्याच्या श्रीलंकेतील मोठ्या चाचणीत (2017) विषबाधा घटल्याचे दिसले नाही. अतिविषारी कीटकनाशकांवरील बंदीनंतर मात्र तेथील आत्महत्या बऱ्याच उतरल्या. कुलूप हा एका घरापुरता तात्पुरता उपाय आहे; गावाचा प्रश्न विक्रीच्या पातळीवरच सुटतो.

हिंसेविषयी भीती जास्त आणि माहिती कमी आहे. बहुतेक रुग्ण हिंसक नसतात, उलट तेच अनेकदा मारहाणीचे बळी ठरतात. पूर्वीची हिंसा, व्यसन आणि उपचार न झालेला संशय यांनी धोका वाढतो. रुग्ण खवळला असता एकानेच, हळू आवाजात, अंतर राखून बोलावे आणि त्याची दाराकडची वाट अडवू नये. साखळीने बांधणे व एकांत कोठडी कायद्याने निषिद्ध आहे; तात्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्गच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण नोंदवून, अत्यावश्यक तेवढा वेळच शारीरिक बंधन घालता येते आणि अशा प्रत्येक वेळी रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (कायद्यानुसार त्याच्या वतीने पाहणाऱ्या व्यक्तीला) 24 तासांच्या आत कळवावे लागते.

राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर येथे, म्हणजे खानदेशाबाहेर आहेत. त्यामुळे घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे, जे आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात, जिल्हा रुग्णालय आणि घरच्यांच्या भरवशावर जातात. या काळात गोळ्या आठवड्यापुरत्याच देणे आणि त्या घरातील एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवणे हिताचे असते. नंदुरबारकडील कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरली की फेरतपासणी तुटते. म्हणून निघण्यापूर्वीच औषधांची चिठ्ठी, धोक्याची लक्षणे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा चोवीस तास चालणारा क्रमांक सोबत्यांना लिहून द्यावा लागतो.