खार शेती

खाडीकाठच्या, भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीला मातीचा बांध घालून तिथे भात पिकवण्याची कोकणातील पद्धत. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत अशा जमिनी आहेत. रायगड जिल्ह्यात अलिबाग-पेण भागात त्यांचे सलग पट्टे असल्याने तो मुलूख खारेपाट म्हणून ओळखला जातो.

या शेतीचा जीव बांधात आणि उघाडीत असतो. उघाडी म्हणजे बांधात बसवलेले झडपेचे दार. भरती चढू लागली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते आणि जाताना मातीतले मीठ घेऊन जाते. पहिल्या पावसांनी खार असा धुऊन निघाल्यावरच बी पडते. अनेक ठिकाणी रोपे न लावता रहू टाकतात, म्हणजे भिजवून मोड आणलेले भात थेट चिखलात फेकतात. पावसाने मध्येच ताण दिला की खालचे क्षार वर चढतात आणि रोप करपते, म्हणून खाचरातले पाणी आटू न देण्याची धडपड चालते. राता हा लाल तांदळाचा जुना वाण हे सारे सोसतो. उत्पन्न थोडे, पण भरवशाचे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे क्षार सहन करणारे वाण दिले. खारेपाटात घराजवळच्या तळ्यांत जिताडा हा मासा पाळण्याचीही रीत आहे.

पूर्वी बांधांची निगा गावकरी जोळ पद्धतीने, सामुदायिक श्रमातून राखत. जमिनीवरची सत्ता मात्र खोतांची, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या वतनदारांची होती. त्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावातून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ कुळांनी शेती न कसण्याचा संप केला. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. बांधांची जबाबदारी सरकारने १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्याने अंगावर घेतली.

बियाणे, खते, पीक विमा यांची मदत इथेही मोलाची आहे, पण खारातल्या शेतकऱ्याला सरकारकडून सर्वांत आधी हवी असते ती बांधाची दुरुस्ती, आणि तीही वेळेवर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला खांड, म्हणजे भगदाड, गेली की खारे पाणी उभ्या पिकात शिरते. एका हंगामाच्या नुकसानीचे पंचनामे होतात. जमिनीत मुरलेला खार मात्र पुढचे हंगामही नासवतो. खांड तशीच राहिली तर दररोजच्या भरतीबरोबर कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, बिया येतात आणि काही वर्षांत शेतात कांदळवन उभे राहते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळवन तोडीला मनाई केली. किनाऱ्याच्या रक्षणासाठी ती आवश्यकच होती. परंतु अशा शेताचा सातबारा शेतकऱ्याच्या नावावर असूनही त्याला ते पुन्हा लागवडीखाली आणणे जवळजवळ अशक्य होते. दुरुस्तीची मंजुरी लांबली आणि त्यामुळे शेत गेले, तर त्या जमिनीचा मोबदला मिळावा, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.